राले रंगवायची की नाही, हे दिवाळीनंतर ठरवा

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. आजोबांची अठ्ठावीस इंची राले सायकल सांगलीच्या घरात माळ्यावर पडून होती, ती तुम्ही खाली काढलीत. मागच्या चाकात तीन गिअरचा हब (चाकाच्या मध्यावरचा, तारा जिथे येऊन मिळतात तो भाग) आहे, ब्रेक रॉडचे आहेत. मूळ रंगावर आजोबांनीच कधीतरी ब्रशने काळा ऑइलपेंट मारून घेतला होता. ओळखीच्या एका वर्कशॉपने सँडब्लास्टिंग (वाळूच्या फवाऱ्याने जुना रंग उडवणं), पावडर कोटिंग (रंगाची पूड भाजून चढवणं) आणि सगळ्या चकचकीत भागांना नवं क्रोम, असं एकगठ्ठा काम सांगितलं आहे. तुम्हाला ती रोज सहा किलोमीटरवरच्या ऑफिसला न्यायची आहे, आणि आईला ती ‘बाबांच्या वेळी होती तशी’ बघायची आहे.

तुम्ही विचारलंत ते रंगाबद्दल. पण अडचण रंगाची नाही, क्रमाची आहे. सायकल कशी दिसावी हे आधी ठरतंय आणि ती चालते का हे नंतर बघायचं ठरलंय. माझ्याकडे अशा सायकली येतात तेव्हा मी हा क्रम उलटा करतो: आधी चालती करायची, पावसाळा उतरला की दिवाळीपर्यंत चालवायची, आणि मग रंगाचा विषय काढायचा. कारण सरळ आहे. छर्रे, टायर, ब्रेकची रबरं या झिजायच्याच वस्तू, त्या बदलल्याने सायकलचं काही जात नाही. मूळ रंग, त्यावरच्या सोनेरी रेघा, हेडचा बॅज, हबवरची अक्षरं ही एकदा गेली की कुणालाही परत आणता येत नाहीत. सँडब्लास्टिंगला तासभर लागतो आणि त्यात नेमकं हेच सगळं जातं.

तेव्हा वर्कशॉपला तूर्त थांबायला सांगा. ते वाईट काम करतील असं मी म्हणत नाही. पावडर कोटिंग टिकाऊ असतं, आणि ज्या फ्रेमवर गंजाशिवाय काही उरलेलंच नाही तिला मीही ते सुचवतो. पण त्याचा थर जाड बसतो. नळ्यांच्या सांध्यावरच्या लगची धारदार कड त्यात बुजते, आटे भरतात, ते नंतर साफ करत बसावं लागतं. क्रोमचं नुकसान त्याहून मोठं. नवं क्रोम चढवण्याआधी भाग बफवर घासतात, आणि त्या घासण्यात हबवरची, चेनव्हीलवरची कोरीव अक्षरं पुसट होतात. रालेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्याची आकृती कापलेली असते. तिच्या कडा एकदा गोल झाल्या की ते चक्र बाजारातल्या कुठल्याही चक्रासारखं दिसतं.

आता ‘बाबांच्या वेळी होती तशी’ म्हणजे कशी? हे तुमच्या घरावर अवलंबून आहे, आणि त्याचं उत्तर मी देऊ शकत नाही. आईला आठवते ती सायकल कदाचित ब्रशने रंगवलेलीच असेल. तसं असेल तर तो ऑइलपेंटच तुमच्यासाठी मूळ रंग. पण ठरवण्याआधी खाली काय आहे ते बघून घ्या. ब्रश पोचत नाही अशा जागा शोधा: सीटच्या क्लॅम्पखाली, दिव्याच्या ब्रॅकेटमागे, चेनकव्हरच्या आतल्या बाजूला. तिथे गुळगुळीत, खोल काळा रंग दिसला तर तो कारखान्यातला भट्टीत भाजलेला इनॅमल. तो ऑइलपेंटपेक्षा कितीतरी कडक असतो, त्यामुळे वरचा थर बऱ्याचदा त्याच्यापासून सुटा करता येतो. मागच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला दोन बोटं रुंदीचा एक चौकोन करा. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेलं फडकं त्यावर थोडा वेळ ठेवा आणि प्लास्टिकच्या पट्टीने हलकेच खरवडा. पेट्रोल नको, एनसी थिनर नको, कानस किंवा सँडपेपर तर नकोच. हेडट्यूबला, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या नळीला, आणि सीटखालच्या नळीला मात्र हात लावू नका. नाव आणि चिन्हं तिथेच असतात, आणि ती रंगवलेली नसून चिकटवलेली ट्रान्सफर असतात. टर्पेंटाइननेसुद्धा ती निघून येऊ शकतात.

मडगार्डच्या त्या चौकोनात सोनेरी रेघ सापडली तर मी पूर्ण ऑइलपेंट काढायच्या बाजूचा आहे, मग त्याला महिना लागो. नाही सापडली तर आजोबांचा रंग राहू द्यावा, असं माझं मत. मूळ फिनिश कसं दिसायचं हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पुण्याला याल तेव्हा कर्वेनगरचं विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय बघून जा. फोटोवरून त्या काळ्या रंगाची खोली कळत नाही.

फ्रेमवर कुठे नगरपालिकेचा बिल्ला अडकवलेला असेल तर तोही जागेवरून हलवू नका. सायकलला कर होता त्या काळातला तो पुरावा आहे, आणि घासून चकचकीत केला तर त्यावरचे आकडे जातात.

सायकल किती जुनी, हेही विचारलं होतंत. फ्रेम नंबरवरून ठामपणे सांगायला मी धजत नाही. हब बघा. तुमचा हब स्टर्मी-आर्चर या इंग्लिश कंपनीचा असणार, बहुधा एडब्ल्यू मॉडेलचा. त्याच्या कवचावरची घाण काढलीत की मॉडेलच्या अक्षरांजवळ वर्ष आणि महिन्याचे आकडे सापडतील. हब मागाहून बदललेला नसेल तर सायकल साधारण त्याच सुमाराची. बॅजवर किंवा सीटच्या नळीवर नॉटिंगहॅम (रालेचं इंग्लंडमधलं मूळ गाव) आहे की सेन-राले (भारतात राले बनवणारी कंपनी), तेही वाचा. १९५० च्या दशकात सेन-रालेचा कारखाना आसनसोलला सुरू झाला, आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांतली ‘इंग्लिश राले’ तिथली निघते. म्हणून ती कमी दर्जाची ठरत नाही. पण सुटे भाग घेताना फरक पडतो, तो असा.

नॉटिंगहॅमच्या रालेचे आटे वेगळे असतात. बाकीच्या बहुतेक सायकलींच्या बॉटम ब्रॅकेटला (पायडलचा एक्सल फिरतो तो सांधा) आणि हेडसेटला (हँडल फिरतं तो सांधा) इंचात २४ आटे असतात, रालेला २६. बाजारात मिळणारा कप, म्हणजे छर्रे बसतात ती वाटी, २४ चा. तो पहिले एक-दोन फेरे बसतो, मग अडतो, आणि मिस्त्री पाना लावून तो दामटतो. तिथे फ्रेम कायमची खराब होते. म्हणून तुमचे जुने कप कुणालाही फेकू देऊ नका. ते पुसून, छर्रे फिरतात तो पट्टा उजेडात बघा. तो गुळगुळीत आणि नुसता काळवंडलेला असेल तर कप अजून बरीच वर्षं जातील. खड्डे पडले असतील तरच जुन्या बाजारात किंवा एखाद्या मोडीत निघालेल्या रालेवर शोधायला लागा. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी मला असे भाग मिळाले आहेत, पण त्याला चिकाटी लागते. बॉटम ब्रॅकेटचा उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो, डावीकडचं पायडलही तसंच. सोडवताना दिशा लक्षात ठेवा.

छर्रे मात्र सगळे नवे घाला, जुने कितीही चांगले दिसले तरी. बॉटम ब्रॅकेटला पाव इंची, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा. पुढच्या हबचे लहान असतात, तीन सोळांश इंची. जुने सोबत न्या आणि मापानेच घ्या. नवे आणि जुने एकत्र करू नका, भार मोठ्या छर्र्यांवर येतो आणि कोन (छर्रे ज्यावर फिरतात तो शंकूसारखा भाग) खराब होतो.

सगळ्यात जास्त नुकसान मी पाहिलं आहे ते कॉटरपिनीमुळे. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, एक्सलवर पाचरीसारखी घट्ट बसवणारी ही पिन. ती काढताना आपल्याकडे सरळ हातोडा घालतात. तो घाव एक्सलमधून छर्र्यांवर आणि कपावर जातो, आणि जे कप वाचवायचे तेच फुटतात. क्रँकच्या खाली, पिनीच्या भोवती येईल असा जाड लोखंडी पाइप जमिनीपर्यंत उभा टेका, म्हणजे घाव जमिनीत जाईल. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. नट शेवटच्या आट्यापर्यंत सैल करून तसाच ठेवा आणि एकच जोरदार घाव घाला. दहा हलके घाव पिनीचं डोकं फक्त फुगवतात.

नव्या पिनी बाजारात मिळतात, पण त्या बऱ्याचदा मऊ असतात आणि त्यांचा सपाट उतार एक्सलच्या खाचेला नेमका जुळत नाही. कानशीने थोडा थोडा उतार घासून, बसवून बघत जायचं. दोन्ही पिनी एकमेकींच्या उलट दिशेने जातात. एकाच दिशेने घातल्या तर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत, आणि चालवणाऱ्याला गुडघा दुखेपर्यंत त्याचं कारण कळत नाही. पीन ठोकून बसवायची, नट फक्त धरून ठेवायला. पंधरा-वीस किलोमीटर झाले की पुन्हा पाइप टेकून एक घाव आणि नट आवळणं, हे चुकवू नका. प्रत्येक फेऱ्याला कट् असा आवाज आला तर तिथेच उतरा. सैल पिनीवर चालवलेली सायकल एक्सलची खाच खाऊन टाकते.

तीन गिअरचा हब उघडू नका. इतकी वर्षं पडून असला तरी तो बहुतेक वेळा आतून शाबूत असतो, नुसता वाळलेला असतो. कवचावर तेल घालायचं छोटं टोपण असेल. त्यातून पातळ मशीन ऑइल घाला, चाक आडवं-उभं करून फिरवा, रात्रभर ठेवा, काळं पाणी निघून जाऊ द्या, पुन्हा घाला. गोडेतेल किंवा खोबरेल अजिबात नको, ते आत चिकट होऊन बसतं. मग केबल लावा. गिअर मधल्यावर ठेवून उजवीकडच्या नटाच्या खिडकीतून बघा: गिअरच्या केबलची छोटी साखळी ज्या बारीक काडीला जोडलेली आहे तिचं टोक एक्सलच्या टोकाशी समपातळीत हवं. हे जुळलेलं नसेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक मोकळी जागा सापडते आणि पायडल एकदम निसटतं. त्या क्षणी तुम्ही उभं राहून पायडल मारत असाल तर फ्रेमच्या आडव्या दांडीवर आदळाल. म्हणून या हबवर उभं राहून जोर लावायचा नाही, आधी गिअर उतरवायचा. पहिला गिअर मधल्यापेक्षा पाव भाग हलका असतो, तिसरा एक तृतीयांश जड. सांगलीच्या सपाटीवर तुम्ही बहुतेक वेळ मधल्यातच असाल. उलटा वारा असला की पहिला, एवढंच.

टायर घेताना दुकानदार विचारेल, ‘अठ्ठावीसच ना?’ तेवढ्यावर हो म्हणू नका. तुमचा टायर २८ गुणिले दीड, म्हणजे रिमची बैठक ६३५ मिलिमीटर. हल्लीच्या ७००सी सायकलींनाही लोक अठ्ठावीस म्हणतात, ती बैठक ६२२ ची. तो टायर तुमच्या रिमवर चढणारच नाही. जुन्या टायरच्या बाजूवरचं माप वाचा. चांगली गोष्ट ही की या मापाचे टायर आपल्याकडे अजून बनतात, कारण दुधाची, गॅस सिलिंडरची वाहतूक करणाऱ्या काळ्या सायकली हेच माप वापरतात. या बाबतीत तुम्ही इंग्लंडमधल्या राले मालकापेक्षा सुखी आहात.

चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढताना मिस्त्रीला एक गोष्ट आवर्जून सांगा. रॉडच्या ब्रेकची रबरं रिमच्या आतल्या घेरावर, खालून वर दाबतात. त्यामुळे चाक डावी-उजवीकडे थोडं हललं तर चालतं, पण वर-खाली उडी असेल तर ब्रेक दर फेऱ्याला धरतो आणि सोडतो. आजकालचे मिस्त्री बाजूचा आऊट काढतात आणि उडी सोडून देतात, कारण बाकीच्या सायकलींना त्याने तितकं बिघडत नाही. पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतील. गंजलेल्या तारा सगळ्या एकदम बदलू नका. तुटलेल्या आणि वाकलेल्या तेवढ्या बदला, बाकीच्यांची निपलं (तारा रिमला आवळणारे छोटे नट) तेल सोडून मोकळी करा. आणि चेन ताणायला मागचं चाक सरकवलंत की मागच्या ब्रेकचं अंतरही बदलतं, तो लगेच पुन्हा जुळवा.

गंज आणि क्रोमबद्दल थोडक्यात. क्रोमवरचा वरवरचा गंज अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला तरी निघतो. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. संडास साफ करायचं अॅसिड वापरायला तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. ते क्रोमच खातं, वापरू नका. रंग उडालेल्या जागी गंज पुसून जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. ते वाळून पापुद्रा धरतं आणि गंज थांबतो. तेलाची फडकी मात्र चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटतात. उघड्यावर पसरून वाळवा आणि मग टाका.

सीट ब्रुक्स कंपनीची कातडी असेल आणि चिरली नसेल, तर ती तुम्हाला नव्या कुठल्याही गादीपेक्षा जास्त सुख देईल. तिला तेलात भिजवू नका. एरंडेल किंवा खोबरेल पाजून मऊ केलेलं कातडं झोळीसारखं खाली बसतं आणि मग नाकाशी असलेला बोल्ट कितीही ताणला तरी उपयोग होत नाही. सॅडलसाठीचं मेणासारखं मलम वरून थोडं, खालून थोडं, वर्षातून एकदोनदा. ओली सीट वापरू नका, वाळू द्या.

आता चालवण्याचं. रोज सहा किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं या सायकलला काहीच नाही, ती त्याचसाठी बनली होती. पण तुम्ही हल्लीची सायकल चालवून हिच्यावर बसणार असाल तर ब्रेकचा अंदाज पूर्ण बदला. कोरड्या रस्त्यावर रॉडचे ब्रेक सावकाश, पण भरवशाने थांबवतात. पावसात ओल्या क्रोमच्या रिमवर ते जवळपास धरतच नाहीत. वळणाच्या किंवा चौकाच्या बरंच आधी ब्रेक हलका दाबून धरायचा, रिम पुसली गेली की पकड येते, मग खरा दाब. एवढं सांभाळूनही जून ते सप्टेंबर मी माझ्या रॉड ब्रेकच्या सायकली गर्दीच्या रस्त्यावर काढत नाही. तुम्हालाही तेच सांगेन. पावसाळ्यासाठी दुसरी सायकल ठेवा. त्यात हिचं क्रोमही वाचतं.

सीट थोडी वर घ्या. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी खाली ठेवायची सवय आहे, आणि म्हणूनच लोक या सायकलींना जड म्हणतात. पायडल खाली असताना गुडघ्यात किंचित बाक राहील इतकी उंची असली की हीच सायकल सुटल्यासारखी पळते. थांबताना सीटवरून पुढे उतरून दांडीपाशी उभं राहायचं. चार दिवसांत सवय होते. पंक्चर झालं तर मागचं चाक काढायच्या भानगडीत पडू नका, चेनकव्हर असलेल्या सायकलचं चाक जागेवरच ठेवून ट्यूब बाजूने ओढून पंक्चर काढतात. सांगलीतल्या कुठल्याही जुन्या पंक्चरवाल्याला ते येतं.

या सगळ्यात कुठे थांबायचं, तेही सांगतो. पुढचा चिमटा (पुढचं चाक धरणारा भाग) मागे वाकलेला दिसला, किंवा हेडखाली मुख्य नळीच्या खालच्या बाजूला रंगात सुरकुती किंवा फुगवटा दिसला, तर सायकल कधीतरी समोरून आदळली आहे. लगमध्ये चीर असेल तर त्याहून गंभीर. अशा फ्रेमवर ऑफिसला जाऊ नका. चिमटा बदलता येतो, ब्रेझिंगही (पितळ वितळवून जोडणं) होतं, पण ते जाणत्या माणसाने हातात घेऊन बघितल्याशिवाय ठरवता येत नाही. आधी ही तपासणी करा, मगच छर्र्यांवर पैसे घाला.

वर्कशॉपला सांगायचं काम आता एवढंच: गिअरचा हब सोडून पूर्ण ओव्हरहॉलिंग, नवे छर्रे, नव्या कॉटरपिनी, टायर-ट्यूब, ब्रेकची रबरं, आणि काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून परत. दिवाळीपर्यंत चालवून झाली की आईला एकदा सायकलजवळ उभं करा आणि मडगार्डवर उघडलेला तो चौकोन दाखवा. त्यांना तो आतला रंग ओळखीचा वाटतो की बाहेरचा, हे त्यांनाच विचारा. रंगाचा निर्णय त्या उत्तरावर घ्या. पावडर कोटिंगवाला तेव्हाही असेल.